स्टिकरचा तक्ता पाचव्या दिवशी का बंद पडला?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा सहा वर्षांचा. सकाळी स्वतःचं स्वतः आवरत नाही, बुटाची लेस दुसऱ्याकडून बांधून घेतो, दप्तर भरायला सांगितलं की रडारड. म्हणून भिंतीवर तक्ता लागला: 'सकाळी स्वतः तयार झालास की एक स्टिकर, दहा स्टिकर झाले की बक्षीस.' चार दिवस उत्साहात गेले, पाचव्या दिवशी घोडं अडलं. आता पाणी प्यायला सांगितलं तरी तो विचारतो, "मला काय मिळणार?" आजी म्हणतात, तुम्ही लाच घ्यायची सवय लावलीत. बाबा म्हणतात, थोडा धाक हवाच. आईला विचारायचंय, की कौतुकाने आणि बक्षिसाने मुलं खरंच शिकतात का, की आपणच त्याला बिघडवलं?

शिकतात. बावीस वर्षं मी मुलांना शिकवण्याचं हेच काम करते, शर्टाचं बटण लावण्यापासून ते पहिलं वाक्य वाचण्यापर्यंत. त्यातली बरीच मुलं अशी, की ज्यांना कुठलीही गोष्ट शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्या मुलाचं काही बिघडलेलं नाही. पण तुम्ही या पद्धतीचा जो भाग उचललात तो सगळ्यात वरवरचा आहे. तक्ता आणि स्टिकर डोळ्यांना दिसतात, म्हणून लोक त्यांनाच पद्धत समजतात. खरं काम त्याच्या आधीचं. शिकवायची गोष्ट इतकी लहान करायची की मुलाला ती आज, आत्ता जमेल, आणि जमली त्याच क्षणी त्याला ते कळलं पाहिजे.

तुमच्या तक्त्यावर काय लिहिलंय बघा: 'स्वतः तयार होणे'. यात निदान दहा-बारा कामं आहेत. अंथरुणातून उठणं, दात घासणं, शर्टाची पुढची-मागची बाजू ओळखणं, बटणं, मोजे, बूट, लेस, दप्तर. त्यातलं एक जरी अडलं तरी त्या दिवशीचा स्टिकर गेला. म्हणजे मुलाने नऊ कामं नीट करूनही हाती काहीच नाही. पहिले चार दिवस त्याने जिवाचं रान केलं असेल किंवा तुम्ही न कळत हात लावला असेल. पाचव्या दिवशी त्याने हिशेब केला आणि सोडून दिलं. मला तर तो हिशेब बरोबर वाटतो.

मानसशास्त्रात या सगळ्याला प्रबलन म्हणतात, आणि त्या शब्दाचा नेमका अर्थ एकदा समजून घ्यायला हवा. 1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञांनी मांजरांना लाकडी पेट्यांत ठेवून पाहिलं. आतली कळ किंवा दोरी ओढली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं मिळायचं. सुरुवातीला मांजर आत नुसती धडपड करी, हळूहळू निरुपयोगी धडपड गळून पडे आणि कळच आधी ओढली जाई. पुढे बी. एफ. स्किनर यांनी 1930च्या दशकापासून या विचाराची बारकाईने मांडणी केली. त्यातला कळीचा मुद्दा असा: एखादी कृती केल्यावर लगेच जे घडतं त्यामुळे ती कृती पुढे वाढली, तरच त्याला प्रबलन म्हणायचं. आपण काय हेतूने दिलं याला इथे किंमत नाही. तुम्ही प्रेमाने दिलेल्या स्टिकरने काहीच वाढलं नाही, तर तो प्रबलन नव्हता, नुसता कागद होता.

याची उलटी बाजू पालकांच्या फार उशिरा लक्षात येते. 1968 मध्ये मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक साधी गोष्ट तपासली. मुलं जागेवरून उठली की शिक्षिका 'खाली बसा' म्हणत. त्यांनी हे जास्त वेळा म्हणायला सुरुवात केल्यावर मुलं जास्त वेळा उठू लागली. बसून काम करणाऱ्या मुलांचं कौतुक सुरू केल्यावर उठणं कमी झालं. 'खाली बसा' हे शिक्षिकेच्या लेखी रागावणं होतं, मुलांच्या लेखी ते लक्ष मिळणं होतं. आता तुमच्या घरातली सकाळ आठवा. मुलगा मुकाट्याने मोजे घालत असतो तेव्हा सगळे आपापल्या घाईत. तो बूट हातात घेऊन रडायला लागला की आई, बाबा, आजी तिघंही त्याच्याभोवती. कोणत्या गोष्टीला खतपाणी मिळतंय?

आता लेस. ती मी सविस्तर सांगते, कारण एक कौशल्य या रीतीने नीट शिकवलंत की बाकीची तुमची तुम्हाला उलगडत जातील.

बहुतेक मुलांना लेस पाच ते सात या वयात जमते, त्यामुळे तुमचा मुलगा मागे नाही. मोठ्यांना ते एक काम वाटतं. हळूहळू स्वतः बांधून बघा, आठ कामं निघतील. बुटाची जीभ सरळ करणं, दोन्ही टोकं ओढून घट्ट करणं, फुली करणं, एक टोक खालून काढून पहिली गाठ आवळणं, एका टोकाचा फास करणं, दुसरं टोक त्याच्याभोवती फिरवणं, अंगठ्याजवळच्या भोकातून ते आत ढकलणं, आणि दोन्ही फास ओढणं. आपण साहजिकच पहिल्या पायरीपासून शिकवतो. मुलगा फुली करतो, गाठ मारतो, फासापाशी अडतो, चिडतो, आणि उरलेलं आपण बांधून देतो. त्याची मेहनत प्रत्येक वेळी अपयशाने संपते आणि शेवटी फास ओढायचा आनंद आपल्या वाट्याला येतो.

हे उलटं करा. पहिल्या सात पायऱ्या तुम्ही करा, शेवटचं ओढणं त्याला द्या. दोन्ही फास ढिले ठेवून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचं, "ओढ." तो ओढतो, फूल घट्ट बसतं, बूट बांधला गेला. बांधला कोणी? त्याने. सलग काही दिवस हे सहज झालं की सातवी पायरीही त्याच्याकडे: तुम्ही टोक फिरवून द्या, ढकलून ओढायचं त्याने. मग सहावी. असं शेवटाकडून सुरुवातीकडे सरकत यायचं. याला उलटी साखळी म्हणतात. तिची खुबी अशी, की प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं आणि ते मुलाच्या हातून पूर्ण होतं. इथे स्टिकरची गरजच कमी पडते, कारण घट्ट बसलेलं फूल हेच बक्षीस. मी अनेक मुलांचे चेहरे त्या ओढण्याच्या क्षणी पाहिलेत. आधी बुटाकडे बघतात, मग आपल्याकडे, मग परत बुटाकडे.

काही बारीकसारीक गोष्टी, ज्यांवर सगळं अवलंबून असतं. बूट पायात नको, मांडीवर किंवा टेबलावर ठेवा, बुटाचं टोक मुलापासून पलीकडे. वाकून, पोट दाबून लेस शिकणं मोठ्यांनाही जड जाईल. तुम्ही समोर बसू नका. समोरून दाखवलं की त्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. त्याच्या शेजारी किंवा मागे बसा. दोन रंगांच्या लेस घातल्या तर 'हे टोक, ते टोक' हा गोंधळ मिटतो. आणि हे सकाळी अजिबात नको. सकाळी तुम्हीच बांधून द्या, न कुरकुरता. सराव संध्याकाळी, पाच वेळा, पाच मिनिटं. त्याला आणखी करावंसं वाटत असतानाच थांबा.

मदत कशी काढून घ्यायची हेही ठरवून ठेवा, नाहीतर तो लेस बांधायला नाही, मदतीची वाट बघायला शिकेल. सुरुवातीला त्याच्या हातावर तुमचा हात. मग नुसता मनगटाला आधार. मग कोपराला हलका स्पर्श. मग बोटाने खूण. मग काहीच नाही, पाच सेकंद शांतपणे थांबायचं. ही पाच सेकंदं पालकांना फार जड जातात. मी मनातल्या मनात आकडे मोजते. तोंडी सूचना मात्र जपून वापरा. 'आता हे घे, आता तिकडून काढ' हा धावतं समालोचन करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि हाताची मदत काढणं त्या मानाने सोपं असतं. बोलणं काढून घेणं सगळ्यात अवघड. मुलाला मग आपल्या आवाजाशिवाय पुढची पायरी सुचत नाही.

आता कौतुकाबद्दल. दोन गोष्टी सांभाळा, वेळ आणि शब्द. वेळ म्हणजे कृतीनंतर एक-दोन सेकंदांत. संध्याकाळी बाबा आल्यावर 'आज याने बघा काय केलं' हे जरूर सांगा, त्याला ते आवडेलही. पण शिकवण्याच्या दृष्टीने ती वेळ निघून गेलेली असते. शब्दांत नुसतं 'शाब्बास', 'व्हेरी गुड' याने नेमकं काय बरोबर केलं ते मुलाला कळत नाही. "फास सुटला तरी तू परत धरलास" हे कळतं. वाक्यात मुलाने केलेली कृती यायला हवी. आवाज तुमचा नेहमीचा, खोटा उंचावलेला नको. तोंडदेखलं कौतुक मुलं फार पटकन ओळखतात.

'किती हुशार आहेस' हे मात्र मी टाळते. 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. हुशार म्हटलेल्या मुलांचा कल पुढे सोपी, हमखास जमणारी कामं निवडण्याकडे झाला, आणि मुद्दाम दिलेल्या अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची पुढची कामगिरीही घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. पण म्हणून उठसूट 'किती मेहनत घेतलीस' म्हणू नका. जे सहज जमलं त्यावर मेहनतीचं कौतुक केलं तर मुलाला वाटतं, आपल्याकडून यांची फारशी अपेक्षाच नव्हती.

आणि कौतुकाला 'पण' जोडू नका, एवढं माझं ऐका. "छान बांधलीस, पण रोज का नाही बांधत?" या वाक्यात मुलाला फक्त दुसरा अर्धा भाग ऐकू येतो. पालकांशी बोलताना मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेली ही एकच सवय असेल.

मग बक्षीस द्यायचंच नाही का? द्यायचं, पण कुठे द्यायचं ते बघून. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं घेतली जी आपणहून रंगीत पेनांनी चित्रं काढत. एका गटाला आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटातली मुलं चित्रांवर इतरांच्या निम्माच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं मन मात्र उडालं नव्हतं. म्हणून मूल जे आवडीने करतं त्याला बक्षिसाचं आमिष लावू नये. तुमचा मुलगा पाणी तहान लागल्यावर पितोच. त्याची किंमत कधीच ठरवायची नसते. लेस, दात घासणं, दप्तर या गोष्टींची त्याला मुळात गोडी नाही, तिथे सुरुवातीला बाहेरून थोडा टेकू दिला तर बिघडत नाही.

टेकू म्हणून वस्तू विकत आणायची गरज नसते. 1959 मध्ये डेव्हिड प्रेमॅक यांनी पहिलीतल्या मुलांसमोर दोन यंत्रं ठेवली, एक पिनबॉलचा खेळ आणि एक खाऊच्या गोड गोळ्या देणारं. काहींना खेळ जास्त आवडे, काहींना गोळ्या. खेळायला मिळावं म्हणून खेळवेडी मुलं जास्त गोळ्या खाऊ लागली, आणि गोळ्यांसाठी दुसरी मुलं जास्त खेळू लागली. म्हणजे जी गोष्ट मूल आपणहून जास्त करतं ती कमी आवडणाऱ्या गोष्टीनंतर ठेवली, की तेवढंच पुरतं. 'दप्तर भर, मग गोष्ट वाचू.' क्रम मात्र पाळायचा. गोष्ट आधी आणि दप्तर नंतर, असं एकदा झालं की ये रे माझ्या मागल्या.

आजींच्या लाचेच्या मुद्द्यात तथ्य आहे, फक्त ते बक्षिसात नसून वेळेत आहे. मूल शांत असताना आपण ठरवतो, 'हे झालं की ते', आणि झाल्यावर देतो, ते प्रबलन. मूल जमिनीवर लोळत रडतंय, उशीर होतोय, आणि आपण म्हणतो, "बरं बाबा, गप्प झालास तर दोन स्टिकर देते," ही लाच. यात लेस वाढत नाही, लोळणं वाढतं. त्यातही आपण दहापैकी तीनदाच नमतो, म्हणून परिणाम थोडा होईल असं वाटतं. उलट आहे. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे तपशिलाने आलंय, की अधूनमधून फळ मिळणारी कृती दर वेळी फळ मिळणाऱ्या कृतीपेक्षा कितीतरी चिवट असते. कधीतरीच नमणारी आई सर्वांत चिवट रडणं तयार करते.

हाच नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. नवीन पायरी शिकताना प्रत्येक वेळी दाद द्या. ती पक्की झाली की दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, मग कधीतरी. स्टिकर एकदम बंद केले की मूल फसवलं गेल्यासारखं वागतं. हळूहळू विरळ केले, की ते गेलेले त्याच्या लक्षातही येत नाही.

"मला काय मिळणार?" याला उत्तर एकच, आणि ते न चिडता द्यायचं: "याला काही नाही, हे आपलं रोजचं काम आहे." मग पाठ फिरवून आपल्या कामाला लागायचं. पहिले काही दिवस तो प्रश्न जास्त विचारेल, आवाज चढवेल. याआधी ज्याचा उपयोग होत होता ते चालेनासं झालं, की माणूस ते आधी जास्त जोराने करून बघतो. बटण दाबून दिवा लागला नाही तर आपणही चार वेळा दाबतो. पालक नेमके या टप्प्यावर 'उपाय उलटा पडला' म्हणून हार मानतात. तिथे टिकलात तर प्रश्न आपोआप विरतो. न विचारता काही केलं, की तेवढं लगेच टिपा.

बाबांच्या धाकाबद्दल थोडक्यात. धाकाने हात थांबतो, फास करायला शिकत नाही. शिवाय भ्यालेल्या मुलाची बोटं लेसवर थरथरतात, हे मी पाहिलंय.

घोडं पुन्हा अडलं तर काय करायचं, यासाठी माझी एक चूक सांगते. सात वर्षांची एक मुलगी लिहायला तयार होत नसे. मी बक्षिसं बदलत गेले, मोठी करत गेले. दोन महिने. एके दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवून हात चोळला, तेव्हा मी पहिल्यांदा तिची पकड नीट पाहिली. ती पेन्सिल मुठीत धरून सगळा जोर खांद्यातून लावत होती. चार ओळींत हात दुखायचा. तिच्यात इच्छेची कमी नव्हती, मी तिला न झेपणारी पायरी देत होते. आम्ही खडूचे अगदी लहान तुकडे घेतले, जे मुठीत मावतच नाहीत, बोटांतच धरावे लागतात, आणि उभ्या फळ्यावर नुसत्या रेघा मारल्या. दोन आठवड्यांत ती स्वतःहून अक्षरं काढू लागली, एकाही बक्षिसाशिवाय. तेव्हापासून मूल अडलं की मी आधी पायरी तपासते, मग मदत, मग दाद द्यायला उशीर होतोय का ते, आणि बक्षीस सगळ्यात शेवटी. लहान पायऱ्या करूनही काही आठवड्यांत बोटं वळत नसतील, बटणं, कात्री, पेन्सिल सगळीकडेच अडत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं हाताने करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण वर्षभर वाट बघू नका.

एका बुटावर जमलं म्हणजे सगळीकडे जमलं असं धरू नका. वेगळे बूट, उभं राहून, आजींसमोर, घाईत, हे सगळं पुन्हा थोडं थोडं शिकवावं लागतं. घरातल्या सगळ्यांनी त्या आठवड्यात कोणती पायरी कोणाची, हे ठरवून घ्या. आईने ओढायला द्यायचं आणि आजींनी मायेने पूर्ण बांधून द्यायचं, यात मुलाचा काही दोष नसतो.

आणि भिंतीवरचा तो तक्ता आज काढून टाकू नका. त्यावरचे चार स्टिकर त्याने कमावलेत, ते त्याचेच. फक्त वरची ओळ खोडून त्याच्यासमोर नवीन लिहा: 'लेसचं शेवटचं ओढणं'. संध्याकाळी पाच वेळा ओढलं की एक स्टिकर. सहा दिवसांत दहा भरतील, कबूल केलेलं बक्षीस त्याला त्याच दिवशी द्या. सातव्या दिवशी टोक ढकलायची पायरी सुरू करा, तक्ता न लावता.